बोटाने बोललेले बोल

हल्ली गळ्यात तुळशीची माळ असते तसा खिशात फोनही असतो. आमचे काही वडीलधारे म्हणतात, "या फेसबुक-व्हॉट्सॲपपायी नामस्मरण बुडालं." तरुण मंडळी म्हणतात, "त्याच्यावाचून दिंडीचं पान हलत नाही." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. पण मूळ प्रश्न यंत्राचा नसून वाणीचा आहे, असे आम्हांस वाटते.

आधी गुण सांगू. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे नेहमीची पायी वारी होऊ शकली नाही. पादुका एसटीने पंढरीस गेल्या. त्या वेळी कित्येक माळकऱ्यांना आषाढीचे दर्शन घडले ते हातातल्या फोनवरच. एरवीही मुक्काम कुठे पडला, पाण्याचा टँकर आला का, चुकलेली म्हातारी कोणत्या दिंडीत आहे, हे घटकाभरात कळते. हा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे. बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले, म्हणजे आपल्या पंढरीच्या शेजारचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या अफवेने त्यांचा बळी घेतला.

मारणारे हात दोषी, यात वाद नाही. पण ज्यांनी ती वार्ता नुसती पुढे ढकलली, त्यांचे काय? कुणी म्हणेल, "अहो, लेकरांच्या काळजीपोटी पाठवली. खोटी आहे हे आम्हांला काय ठाऊक?" हे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. हेतू चांगला असेलही. पण नासलेली भाजी वास न घेता पंगतीत वाढणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. जेवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती आठवा. चोपदार चोप उंचावतात आणि टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. मग तिची विचारपूस होते. हरवले-सापडलेही तिथेच पुकारतात. बोलणारा सर्वांसमक्ष उभा असतो, त्याला उलट विचारता येते. फोनवरच्या फिरत्या निरोपाला मात्र ना आई ना बाप.

२०१८ साली व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. फार वेळा फिरलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण दिसते, आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. कुंपण घातले हे बरेच झाले. पण अंगठा आपला, त्याला आवर आपणच घालायचा. परनिंदा तोंडाने टाळली आणि बोटाने केली, तर ती टाळली असे कसे म्हणावे?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: फोन फेकू नका, पण दोन बाण दिसले की थांबा. मूळ सांगणारा कोण, हे विचारा. आणि जे आपल्या नावानिशी, दिंडीत चार माणसांसमोर उभे राहून सांगण्याची आपली तयारी नाही, ते बोटानेही सांगू नका.