बूनचे देणे

डॅनियल बून हा जातिवंत शिकारी. 1734 साली पेनसिल्व्हेनियात एका क्वेकर कुटुंबात जन्मलेला. शाळेशी त्याचा संबंध बेताचाच आला, पण रानातला माग त्याला चुकत नसे. 1756 साली रिबेका ब्रायनशी त्याचे लग्न झाले आणि पुढे त्यांना दहा मुले झाली. बून शिकारीला गेला की महिनोन् महिने परतत नसे. शेत, गुरे, चूल, आजारपणे, बाळंतपणे हे सगळे रिबेकाने एकटीने निभावले. या कथेत ती बोलत नाही, पण संसार उभा राहिला तो तिच्या बळावर.

1775 साली बूनने तीसेक कुऱ्हाडवाले सोबत घेऊन कंबरलँड खिंडीतून केंटकीत जाणारी वाट पाडली आणि केंटकी नदीच्या काठी बून्सबरो वसवले. पुढे त्या वाटेने हजारो कुटुंबे आली. ही जमीन शॉनी या मूळ रहिवासी लोकांची शिकारीची भूमी होती आणि ती द्यायला ते राजी नव्हते. झगडा पेटला. बूनचा थोरला मुलगा जेम्स वाट पाडण्यापूर्वीच, 1773 मध्ये, मारला गेला. दुसरा मुलगा इझ्रायल 1782 मधल्या एका लढाईत बापाच्या डोळ्यांसमोर पडला.

मध्ये 1778 साली शॉनींनी बूनला पकडून नेले. त्यांचा मुखिया ब्लॅकफिश याने त्याला ठार केले नाही, मुलगा मानून आपल्या घरी ठेवले. शत्रूच्या घरात मिळालेली ही माया बून विसरला नसावा, असे मला वाटते. पण शॉनी बून्सबरोवर चालून जाणार हे कळताच तो निसटला आणि चार दिवसांत 160 मैल तुडवून घरी पोहोचला. घर रिकामे होते. तो मेला असे समजून रिबेका मुलांना घेऊन माहेरच्या मुलखात, नॉर्थ कॅरोलिनात निघून गेली होती. फक्त लेक जेमायमा बापाची वाट पाहत मागे राहिली होती. शॉनींनी बून्सबरोला घातलेला वेढा उठल्यावर बून बायको-मुलांना आणायला गेला आणि त्यांना घेऊन पुन्हा केंटकीत आला.

आता मूळ गोष्ट. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाच्या ताब्यात होती. तिथे नुसते झोपडे बांधून जमीन आपली होत नसे. सरकारात पैसे भरून परवाना घ्यायचा, मोजणी करून घ्यायची, नोंद करायची. 1780 साली शेजाऱ्यांनी आपापले पैसे विश्वासाने बूनच्या हाती दिले आणि परवाने आणायला त्याला व्हर्जिनियाला पाठवले. वाटेत तो एका खाणावळीत मुक्कामाला थांबला आणि रात्रीत ती सगळी रक्कम, हजारो डॉलर, चोरीला गेली.

काहींनी ते पैसे त्याला माफ केले. काहींनी संशय घेतला. काहींनी आपले पैसे परत मागितले. चोर दुसराच कोणी होता, पण पैसे आपल्या हाती सोपवले होते हे बूनने कधी नाकारले नाही. चोरी झाली म्हणून देणे फिटत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. ज्यांनी मागितले त्यांची भरपाई तो पुढे वर्षानुवर्षे करत राहिला.

स्वतःच्या जमिनीचे मात्र त्याला काही जमले नाही. त्याने मोजणीदाराचे काम केले, हजारो एकरांवर हक्क सांगितले. पण एकाच तुकड्यावर चार-चार जणांचे कागद, त्यातून खटले, आणि वर कर थकलेला. 1798 साली केंटकीने एका परगण्याला बूनचे नाव दिले. त्याच वर्षी कोर्टात साक्षीला हजर राहिला नाही म्हणून त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले. ज्याने सगळ्यांना वाट दाखवली त्याच्यापाशी केंटकीत वावभर जागा उरली नाही. 1799 साली, पासष्टीच्या घरात, तो मुलाबाळांसह मिसुरीला निघून गेला.

मिसुरी तेव्हा स्पेनच्या अमलाखाली होती. तिथे त्याला जमीन मिळाली, तंटे सोडवायचा मानही मिळाला. पण 1803 साली अमेरिकेने तो मुलूख विकत घेतला आणि पक्का कागद नाही म्हणून तीही जमीन गेली. 1813 साली रिबेका वारली. पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून त्याला सुमारे साडेआठशे एकर परत दिले. ऐंशीला आलेल्या बूनने त्यातली बहुतेक जमीन विकली आणि केंटकीतल्या लोकांचे राहिलेले देणे देऊन टाकले. घर ना शेत अशा स्थितीत तो मुलांकडे राहिला आणि 1820 साली धाकट्या नेथनच्या घरी वारला.

हिशेब इथे संपायला हवा, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओहायोतली गावे सोडावी लागलेले काही शॉनी बूनच्या आधीच मिसुरीत येऊन राहिले होते. त्यांत जुन्या ओळखीचे लोकही होते, आणि म्हातारा बून त्यांच्याबरोबर शिकारीला जात असे. काँग्रेसने बूनची जमीन परत केली, तसा कायदा शॉनींसाठी कोणी केला नाही. 1825 च्या करारात मिसुरीतली जागाही त्यांच्याकडून लिहून घेतली गेली आणि त्यांना आणखी पश्चिमेला, कॅन्ससकडे जायला सांगण्यात आले.