चुलीची दिशा आणि चुलीचा दोष

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत स्वयंपाकघर आग्नेयेला सांगितले आहे. ती दिशा अग्नीची. मनुस्मृती चुलीकडे वेगळ्या नजरेने पाहते. गृहस्थाच्या घरात नकळत जीव जातात अशा पाच जागा, म्हणजे पंचसूना, सांगताना तिने पहिले नाव चुलीचे घेतले आहे. अन्न शिजवणारा अग्नी जीवही घेतो, याचे भान परंपरेला होते. म्हणूनच चूल कुठे मांडावी हा प्रश्न मला दिशेपेक्षा हिंसेच्या अंगाने अधिक धार्मिक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. धुरात सर्वाधिक वेळ बसतात त्या बायका आणि त्यांच्याजवळची मुले.

आग्नेयेचा नियम वारा पाहूनच केला, असे वास्तूचे समर्थक म्हणतात. पण आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, हिवाळ्यात बहुधा ईशान्येचा. एकच कोपरा दोन्ही ऋतूंना कसा पुरेल? श्रद्धेला कारण लागत नाही, हा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. मग चूल खुशाल आग्नेयेला असू द्या. मात्र तो कोपरा कुडाच्या भिंतीचा, वर सरपणाचा माळा असलेला, बिनखिडकीचा असेल तर काय? पंचसूनांच्या दोषावर मनुस्मृती पंचमहायज्ञ सांगते खरे, पण तो उतारा न टळणाऱ्या हिंसेवरचा. धुराड्याने टळणारी हिंसा त्यात कशी बसवणार? अशा घरात कोपराच बदलावा, आणि त्यासाठी आधी गवंड्याला विचारावे, वास्तुतज्ज्ञाला नंतर.