आपल्या वाट्याची परिक्रमा

नर्मदा परिक्रमा पुरी करून आलेल्या माणसाचं मराठी घरात काय होतं, ते आपण सगळे जाणतो. नातेवाईक पाया पडतात, मंडळात व्याख्यान ठरतं, आणि हात लिहिता असेल तर पुस्तकही निघतं. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ आणि त्यांच्यामागून आलेली कितीतरी अनुभवकथनं यांनी मराठी वाचकाच्या मनात या वाटेची ओढ निर्माण केली. ते ऋण मोठं आहे. पण त्या ओढीबरोबर एक समजही रुजला, की परिक्रमा म्हणजे पूर्ण फेरी, आणि तिचा मालक म्हणजे ती पूर्ण करणारा. ज्यांनी त्याला पडवी दिली, पीठ-मीठ दिलं, वाट चुकला तेव्हा हाका मारून परत बोलावलं, ती माणसं परिच्छेदभर भेटतात आणि पुढच्या मुक्कामाबरोबर मागे पडतात.

माझं म्हणणं उलट आहे. परिक्रमेची वाट पूर्ण फेरीवाल्यांनी टिकवलेली नाही. ते त्या वाटेचे पाहुणे. वाट टिकवली ती काठावर राहणाऱ्यांनी. आज त्यांचे हात अपुरे पडत असतील, तर साथ द्यायची पाळी काठाजवळच्या शहरांची आहे. भोपाळची तर नक्कीच.

आधी वाटेचं काय झालं ते पाहू. अमरकंटकपासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ मिळून सव्वीसशेच्या वर, आणि वळसे धरले तर आणखी जास्त. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं, आणि सगळं यथासांग केलं तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस, असा जुना नेम. नेम शिल्लक आहेत, पण पायाखालची जमीन बरीच गेली. जबलपूरजवळ बरगी धरण झालं, 2004 मध्ये इंदिरा सागरच्या पाण्यात हरसूद बुडालं, ओंकारेश्वरला भिंत उभी राहिली, सरदार सरोवराच्या फुगवट्यानं शूलपाणीच्या झाडीतली जुनी पायवाट गिळली. घाटाघाटानं जाणारा परिक्रमावासी तिथे डांबरी सडकेवर आला. मग सडकेवरून चालायचंच, तर गाडी काय वाईट? बसनं पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा घडवणाऱ्या सहली निघाल्या. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी बसनं जावं, माझी तक्रार नाही. पण बसला पायवाट लागत नाही, आणि जिला कुणी तुडवत नाही ती पायवाट एका नांगरणीत शेतात जाते.

भोपाळच्या वाट्याला आलेला काठ या बाबतीत नशीबवान आहे. बरगीच्या खाली आणि इंदिरा सागरच्या फुगवट्याच्या वर, होशंगाबादच्या (आता कागदोपत्री नर्मदापुरम) आसपास नर्मदा अजून वाहती आहे. समोरच्या उत्तर तीरावर बुधनी, तिथून वरच्या अंगाला शाहगंज आणि हथनोरा. याच हथनोऱ्याला 1982 मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना त्या प्रसिद्ध ‘नर्मदा मानवा’च्या कवटीचा भाग मिळाला. शाहगंजजवळूनच भोपाळला नर्मदेचं पाणी येतं, मोठ्या नळातून, विंध्याचा चढ चढून. परिक्रमावासी नर्मदेचं पाणी चिमुकल्या बाटलीत घेऊन, तिची रोज पूजा करत चालतो. तेच पाणी आपण अंगणात गाडी धुवायला वापरतो. हे कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही, पण या काठाशी भोपाळचा संबंध काय असं कुणी विचारलं, तर उत्तर रोज सकाळी नळाला येतं.

या तुकड्याचं आणखी एक वैशिष्ट्य काठावर गेल्याशिवाय लक्षात येत नाही. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचललेला माणूस दक्षिण तीरानं समुद्राकडे जातो, नावेनं खाडी ओलांडतो आणि उत्तर तीरानं परत वर येतो. म्हणजे बुधनीला तो पोचतो तेव्हा शूलपाणी, समुद्र, गुजरातचं सगळं ऊन त्याच्या अंगावरून गेलेलं असतं. आणि अमरकंटक अजून लांब असतं. नवेपणाचा उत्साह ओसरलेला, चपला झिजलेल्या, सोबती पांगलेले. मदतीची खरी गरज असते ती या टप्प्यावर. सुरुवातीला ओंकारेश्वरच्या घाटावर हार घालायला पुष्कळ असतात.

मग भोपाळकरानं काय करावं? चालावं. एका रविवारी, दहा-पंधरा जणांनी, बुधनीहून नदी उजव्या हाताला ठेवून आठ-दहा किलोमीटर. आणि तेही मजेनं. आपल्याकडे मजेत चालणं आणि श्रद्धेनं चालणं यांत उगाच भिंत घातली जाते. सहलीला गेलात तर पुण्य नाही, परिक्रमेला गेलात तर हसायचं नाही. या काठाला ही भिंत मान्य नसावी. बुधनीच्या परिसरात पानगुराडियाजवळ सारू-मारूच्या गुहा आहेत, तिथे अशोकाचा लेख आहे. राजकुमार असताना तो या भागात सहलीला आला होता, असा त्यातल्या काही ओळींचा एक अर्थ लावला जातो. सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही. त्याच्या आठव्या शिलालेखाचा आशय मात्र स्पष्ट आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं, तेही त्यानं सांगितलं आहे: श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करायची, जनपदातल्या लोकांशी बोलायचं. आणि यात जास्त आनंद आहे, असंही. आनंद त्यानं सोडला नाही. तो कुठे सापडतो ती जागा बदलली.

पुरी फेरी एका दमात केली नाही तर ती परिक्रमाच नव्हे, असं म्हणणाऱ्यांना अमृतलाल वेगडांचं नाव सांगावं लागतं. जबलपूरचे हे चित्रकला-शिक्षक, नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदाकाठ तुकड्यातुकड्यानं चालायला सुरुवात केली. सुट्टी मिळेल तसं, कधी विद्यार्थी सोबत, कधी मित्र, पुढे पत्नी. धरणांनी बुडवण्याआधीचे घाट, गावं, माणसांचे चेहरे त्यांच्या रेखाटनांत आणि लेखनात राहिले. एका दमात फेरी मारणाऱ्यानं नदी पाहिली त्याहून वेगडांनी ती कमी पाहिली असं कुणाला म्हणता येईल? मला तर वाटतं, पुन्हापुन्हा येणाऱ्यालाच बदल दिसतो. गेल्या वर्षी इथे वाळूचा किनारा होता, यंदा खड्डा आहे, हे एकदाच जाणाऱ्याला कळणार कसं?

वाट तुकड्यातुकड्यानं राखताही येते. अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. 1921 मध्ये बेंटन मॅकाय यांनी ती कल्पना मांडली, 1937 मध्ये वाट जुळली. तिची निगा राखतात ते टोकापासून टोकापर्यंत चालणारे वीर नव्हेत, तर वाटेवरच्या गावाशहरांतले तीसएक क्लब. प्रत्येकाला ठरावीक तुकडा नेमून दिलेला. सुट्टीच्या दिवशी माणसं येतात, चालतात, पडलेलं झाड बाजूला करतात, खुणा रंगवतात, डबे खातात, घरी जातात. आपल्याकडे नदीला आई म्हणायची रीत आहे, तिच्या काठाच्या पायवाटेला मात्र कुणी धनी नाही.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो खरा आहे. शहरातली झुंड काठावर सोडली तर ती घाण करून येईल. गुजरातेत तिलकवाड्याजवळ चैत्रात होणारी एका दिवसाची उत्तरवाहिनी परिक्रमा पाहा. महाराष्ट्रातून बसगाड्या भरभरून लोक जातात. भाव आहे, पण त्या महिनाभरात त्या छोट्या काठावर पडणारा भारही आहे. दुसरं म्हणजे सदावर्त. तिथला शिधा परिक्रमावासीसाठी असतो. महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंच्या काळापासून, किंबहुना त्याआधीपासून, चालत आलेली ही सोय. रविवारी गाडीतून उतरून आश्रमाच्या पंगतीत बसणारा आणि ‘काय साधेपणा!’ म्हणत ढेकर देणारा शहरी माणूस हा त्या सोयीवरचा दरोडाच आहे.

उपाय आपल्याच घरचा आहे. पंढरीच्या वारीतली दिंडी आपला भार आपण वाहते. तिचा शिधा, तिचे आचारी, तिचे तंबू, तिचा पाण्याचा टँकर. गावानं प्रेमानं घातलं तर घ्यायचं, पण गावाच्या भरवशावर निघायचं नाही. पालखी सोहळ्याला ही शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत होते, असं परंपरा सांगते. म्हणजे या प्रदेशाचं मीठ त्यांनी खाल्लेलं. भोपाळहून निघणाऱ्या टोळीनं दिंडीचा हा नेम पाळावा: जेवण आपलं, कचरा आपल्याबरोबर परत, आणि वाटेतल्या आश्रमात किंवा सदावर्त चालवणाऱ्या घरात आपण होऊन पीठ, डाळ, तेल, गूळ पोचवून यायचं. फोटो न काढता. कुणाला काय कमी पडतंय ते आधी विचारून. कधी पिठापेक्षा पायांच्या जखमांवरचं मलम जास्त लागतं.

भोपाळनं नर्मदेसाठी काहीच केलं नाही असं नाही. 2016 च्या डिसेंबरापासून 2017 च्या मेपर्यंत सरकारी नर्मदा सेवा यात्रा झाली, त्याच वर्षीच्या जुलैत एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपं लावल्याचं जाहीर झालं. माझा अशा आकड्यांवर फारसा जीव नाही. रोप लावायला एक दिवस पुरतो, जगवायला तीन उन्हाळे लागतात, आणि तेवढे दिवस तिथे जाणारं कुणी हवं. मला जास्त पटतं ते अनिल माधव दवे यांचं काम. त्यांनी ‘नर्मदा समग्र’ संस्था काढली, तवा जिथे नर्मदेला मिळते त्या बांद्राभानला नदी महोत्सव सुरू केला. 2017 मध्ये केंद्रीय मंत्री असताना ते गेले, तेव्हा अंत्यसंस्कार त्याच जागी झाले. आपलं स्मारक नको, झाडं लावा आणि जगवा, असं ते लिहून गेले होते. त्यातलं ‘जगवा’ हे काम महत्त्वाचं.

मराठी माणसाला हे काम नवं नाही. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमा करून घरी गेल्या आणि परत काठावरच आल्या. मंडलेश्वरजवळ लेपा गावी त्यांनी तिथल्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. एवढं सगळ्यांना जमणार नाही, जमायला पाहिजे असंही नाही. पण 1956 मध्ये नागपूरहून भोपाळला बदलून आलेल्या कारकुनांच्या आणि पुढे भेलमध्ये आलेल्या कामगारांच्या तिसऱ्या पिढीला वर्षातून चार-पाच रविवार नक्की जमतील. आपल्या मंडळांचे कार्यक्रम गणपती, कोजागरी आणि दिवाळी पहाट यांत संपतात. त्यांत एक काठ घालायला काय हरकत आहे?

कार्तिकात ओंकारेश्वरहून निघालेले चालणारे थंडी सरता सरता बुधनीच्या काठाला दिसू लागतात. तेव्हा इटारसीकडे जाणारी सकाळची गाडी धरा, बुधनीला उतरा, जाताना एक माणूस गावातला सोबत घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच तुकड्यावर या.