जोची टोपी

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६० च्या डिसेंबरपासून साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. कॉलेजात वाचली तेव्हा या कादंबरीचा नायक पिप मला नुसता बिचारा वाटला होता. परवा पुन्हा वाचताना एकाच प्रसंगापाशी अडले. पिपच्या बहिणीचा नवरा, त्याला मायेनं वाढवणारा लोहार जो, लंडनला, आता साहेब झालेल्या पिपला भेटायला येतो. अंगात अवघडलेले ठेवणीतले कपडे. टोपी शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती सारखी पडते. पिपला लाज वाटते. पैसे मोजून ही भेट टळली असती, तर त्यानं मोजले असते. हे सांगतो कोण? पिपच, मोठेपणी, स्वतःला जराही न वाचवता. जो रागावत नाही, जेवायला मात्र थांबत नाही. भानावर आलेला पिप आसपासच्या गल्ल्यांत त्याला शोधतो. जो केव्हाच गेलेला असतो.