अनुपस्थिताची बाजू

अमेरिकेतील अनेक शाळांत वाद्यवृंद हा गणित किंवा इतिहासासारखाच वेळापत्रकातील एक विषय असतो. विद्यार्थी व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांचा सराव तर करतातच. शिवाय अधूनमधून एखाद्या संगीतरचनाकाराची माहिती जमवून त्यांना लहानसा प्रबंधही लिहावा लागतो. जन्म, मृत्यू, गुरू, प्रमुख रचना आणि लक्षात राहील अशी एखादी आख्यायिका, हा त्याचा ठरीव साचा. वरवर पाहता येथे नैतिक प्रश्न उद्भवावा असे काही नाही. परंतु जी व्यक्ती आता उत्तर देऊ शकत नाही तिच्याविषयी हा विद्यार्थी, बहुधा आयुष्यात प्रथमच, विधाने करत असतो. आणि अनुपस्थिताविषयी बोलणाऱ्यावर काही बंधन असते की नाही, हा प्रश्न वयाने लहान असलेल्यालाही चुकत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. वादकाचे इमान स्वरलिपीशी. रचनाकार सज्जन होता की दुर्जन, सुखी होता की दुःखी, याने एकही स्वर बदलत नाही. मग चरित्राचा हा खटाटोप कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. तथापि चरित्र सांगावे की सांगू नये हे ठरवण्याचे स्वातंत्र्य असले, तरी सांगायचे ठरल्यावर ते कसेही सांगण्याचे स्वातंत्र्य त्यातून निघत नाही.

मोत्सार्टवर लिहिणारा विद्यार्थी सालिएरीपाशी हमखास थबकतो. मोत्सार्ट 5 डिसेंबर 1791 रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी व्हिएन्नात वारला. पुढे सालिएरीनेच त्याला विष दिले अशी वदंता पसरली. पुश्किनने 1830 साली तिच्यावर नाटिका रचली, रिम्स्की-कोर्साकोव्हने तिची संगीतिका केली. पीटर शॅफरचे ‘अमाडेउस’ हे नाटक 1979 मध्ये आणि त्यावरील चित्रपट 1984 मध्ये आला, आणि मत्सरी सालिएरी घरोघर पोहोचला. या कलाकृतींना दोष देण्याचे कारण नाही. मत्सराचे सत्य सांगण्यासाठी त्यांनी एक नाव उसने घेतले. पण प्रबंधाला ही मुभा नाही. ऑक्टोबर 1791 मध्ये मोत्सार्टने पत्नीला लिहिलेल्या पत्रात, सालिएरीने ‘जादूची बासरी’ मन लावून ऐकली आणि तिची मनापासून वाहवा केली, असे नमूद आहे. त्याआधीच्या काही पत्रांत सालिएरीविषयी तक्रारीही आहेत. त्याही लपवू नयेत. बेथोवन, शूबर्ट आणि लिस्ट यांना शिकवणारा हा गृहस्थ मोत्सार्टच्या धाकट्या मुलाचाही गुरू होता. दोघांचा सहभाग असलेली 1785 सालची एक छोटी गायनरचना प्रागमध्ये सापडून 2016 मध्ये पुन्हा वाजवली गेली. विषाचा पुरावा मात्र कधीच मिळालेला नाही. इतके समोर असताना ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांआड दडून आरोप पुढे ढकलणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो अन्याय आहे.

दुसऱ्या प्रकारच्या अन्यायात कोणावर काही लादले जात नाही. असलेले काढून घेतले जाते. फेलिक्स मेंडेल्सोनची थोरली बहीण फॅनी हिचे शिक्षण भावाच्या बरोबरीने झाले. पण संगीत हा तिच्यासाठी अलंकारच राहील, व्यवसाय होणार नाही, असे वडिलांनी 1820 मध्येच तिला पत्राने कळवले होते. तिची काही गीते भावाच्या नावावर छापली गेली. 1842 मध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्सचे आवडते गीत म्हणून नेमके त्यांतलेच एक गायिले, आणि ते आपल्या बहिणीचे आहे हे फेलिक्सला कबूल करावे लागले. तिने 1828 मध्ये लिहिलेला ‘ईस्टर सोनाटा’ तर विसाव्या शतकातही फेलिक्सचाच मानला गेला. 2010 मध्ये एका संशोधिकेने हस्तलिखित पडताळून तो फॅनीचा असल्याचे दाखवून दिले. हस्तलिखितावर नावाचे आद्याक्षर होते, ‘एफ’. भावंडांपैकी कोणाचे, हे वाचणाऱ्यांनी आपल्या सवयीने ठरवले. फेलिक्सविषयी प्रबंध लिहून फॅनीला एका ओळीत ‘त्याची बहीण’ म्हणून सोडून देणारा विद्यार्थी खोटे काहीच लिहीत नाही. तरीही जुनी चूक त्याच्या हातून पुढे चालू राहते.

तिसरा प्रकार अधिक नाजूक, कारण त्यात सहानुभूतीच वाट चुकवते. ‘प्रावदा’ने जानेवारी 1936 मध्ये शोस्ताकोविचच्या संगीतिकेवर कठोर प्रहार केला; नोव्हेंबर 1937 मध्ये त्याची पाचवी सिम्फनी लेनिनग्राडमध्ये सादर झाली. तिच्या अखेरीचा जयघोष खरा की भीतीपोटी काढलेला? शोस्ताकोविचच्या मृत्यूनंतर, 1979 मध्ये, त्याच्या आठवणी म्हणून सोलोमन व्होल्कोव्ह यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने दुसऱ्या उत्तराला बळ दिले. परंतु त्यातील काही भाग शोस्ताकोविचच्या पूर्वप्रकाशित लेखनाशी शब्दशः जुळतो, हे लॉरेल फे यांनी 1980 मध्ये दाखवले, आणि पुस्तकाच्या विश्वसनीयतेचा वाद उभा राहिला. हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. कोणी संचालक तो शेवट वेगाने, विजयाच्या उन्मेषात घेतो, तर कोणी संथ, ओझे वाहिल्यासारखा. म्हणजे चरित्राने एकही स्वर बदलत नाही, हा आक्षेप येथे पुरता टिकत नाही. स्वर तेच राहतात, त्यांची चाल बदलते. अशा वेळी पीडित माणसाच्या तोंडी आपल्याला हवी ती वाक्ये घालण्याचा मोह अनावर होतो. दोन्ही बाजू मांडून निर्णय खुला ठेवणे हा भित्रेपणा नसून, त्या माणसाचे मौन त्याचे त्याच्याकडे राहू देण्याची ती रीत आहे.

मराठी वाचकाने ही दूरदेशीची गोष्ट मानण्याचे कारण नाही. ‘अमर अकबर अँथनी’ (1977) या चित्रपटातील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर तोंडी झाले. ते ज्यांच्यावरून आले ते गोव्यातील माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालू पाहणारा मोठा वाद्यवृंद त्यांनी 1958 मध्ये मुंबईत उभा केला होता. 2012 मध्ये ते वारले. नाव सर्वांना पाठ आणि काम फारच थोड्यांना ठाऊक, ही स्थिती अपकीर्तीहून निराळी असली, तरी विस्मरणाचाच तो एक प्रकार आहे.

आख्यायिका, सवय आणि सहानुभूती या तिन्ही वाटांनी अनुपस्थितावर अन्याय होऊ शकतो. त्यापासून राखणारी शिस्त विद्यार्थ्याला बाहेरून आणावी लागत नाही. ती वाद्यवृंदातच असते. आपल्या स्वरलिपीत विराम असतो तेव्हा वादक मोकळा नसतो. तो मात्रा मोजत, इतरांचे ऐकत बसलेला असतो. मोह झाला तरी लिहिलेले नाही ते वाजवत नाही, आणि लिहिलेले आहे ते, कोणाच्या कानी पडो न पडो, गाळत नाही. दुसऱ्यांचे जीवन सांगताना हीच शिस्त पाळता आली, तर वर्गासाठी लिहिलेली ती चार पानेही एका अनोळखी माणसाशी राखलेले इमान ठरतील.