आपल्या माणसाचा विजय

लोकशाहीत प्रत्येक मताचे मोल सारखे, असे आपण शाळेत शिकतो. मतमोजणीच्या टेबलावर ते खरेही असते. परंतु मत देण्यापूर्वी मतदाराच्या कानी कोणाचा शब्द किती वेळा पडला, कोणाचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर सतत राहिला, याची मोजदाद कोणी करीत नाही. आणि पैशाचे खरे काम तेथेच चालते. मत विकत घेणे पाप आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो चांगल्या कामी लागलेल्या पैशाचा. तो पारखण्यासाठी मी मुद्दाम आपल्या जिव्हाळ्याच्या माणसाचे उदाहरण घेतो.

जॉन केनेडी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या आधी १९२८ साली अ‍ॅल स्मिथ या कॅथलिक उमेदवाराचा दारुण पराभव झाला होता. कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तर तो रोमच्या आज्ञेत वागेल, ही भीती प्रॉटेस्टंट समाजात खोल रुजलेली होती. एप्रिल १९६० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील पक्षांतर्गत निवडणूक केनेडींनी जिंकली, परंतु ती कॅथलिक वस्त्यांच्या बळावर, असे बोलले गेले. म्हणून १० मे रोजी होणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियातील निवडणुकीकडे सर्वांचे डोळे लागले. कोळशाच्या खाणींचे, दारिद्र्याने पिचलेले हे राज्य जवळजवळ संपूर्ण प्रॉटेस्टंट होते.

तेथील त्यांचे प्रतिस्पर्धी ह्युबर्ट हम्फ्री हे एका औषधविक्रेत्याचे पुत्र आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे जुने कैवारी. ते बसमधून फिरत होते. केनेडींजवळ श्रीमंत वडिलांनी पुरविलेले खासगी विमान होते. मोठ्या साखळी दुकानांशी झुंजणाऱ्या किरकोळ दुकानदारासारखी आपली गत झाली आहे, असे हम्फ्री म्हणत. त्या राज्यात स्थानिक पुढारी आपल्या पसंतीच्या नावांची यादी मतदारांच्या हाती देत, आणि यादीत नाव यावे म्हणून पैसे मोजण्याची जुनी रीत होती. केनेडींच्या बाजूने ते मोजले गेले, हे घेणाऱ्यांपैकीच एकाने पुढे लिहून ठेवले आहे. केनेडींना स्वतःला या गोष्टीचे विनोदाने भान होते. दोन वर्षे आधी एका भोजनप्रसंगी त्यांनी वडिलांची म्हणून एक काल्पनिक तार वाचून दाखविली होती: गरजेपेक्षा एकही मत जास्त विकत घेऊ नकोस, प्रचंड विजयाचे पैसे मी देणार नाही, अशा आशयाची. श्रोते मनसोक्त हसले.

मतदानापूर्वीच्या रविवारी केनेडींनी दूरदर्शनवर अर्धा तास विकत घेतला. राष्ट्राध्यक्ष राज्यघटनेची शपथ घेतो. ती मोडून धर्मसंस्थेचे ऐकणे हा देवाविरुद्धचाही अपराध ठरेल, असे त्यांनी सांगितले. ते बोलणे खरे होते आणि त्या समाजाने ऐकायला हवे होते. गरीब खाणकामगारांनी पिढीजात भीती बाजूला ठेवली. केनेडींना सुमारे ६१ टक्के मते पडली. हम्फ्रींनी त्याच रात्री माघार घेतली.

आता या विजयाला काय म्हणावे? येथे पैशाने मतदाराला फसविले नाही, उलट एक सत्य त्याच्या दारापर्यंत नेले. परंतु हम्फ्रींजवळही सांगण्यासारखे सत्य होते, आणि ते नेण्यास त्यांच्यापाशी पैसा नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असा निर्णय दिला, की निवडणूक खर्चावर मर्यादा घालणे म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालणे होय. स्वतःच्या व कुटुंबाच्या पैशावरील बंधनही त्याने रद्द केले. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. बोलायला पैसा लागतो हे खरे. पण ऐकणाऱ्याचे लक्ष अमर्याद नसते. एका पक्षाचे तासभर आणि दुसऱ्याचे पाच मिनिटे ऐकून घेणाऱ्या न्यायाधीशाचा निकाल योगायोगाने बरोबर आला, तरी त्याला आपण न्याय म्हणत नाही.

प्रतिमेची गोष्ट याहून नाजूक आहे. २६ सप्टेंबर १९६० च्या वादसभेत तजेलदार केनेडींसमोर नुकतेच रुग्णालयातून आलेले निक्सन निस्तेज दिसले. नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, ही कथा फारच तोकड्या पाहणीवर उभी आहे; ती सोडून देऊ. खरा प्रश्न त्या तजेल्याचाच आहे. केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार असल्याचे १९४७ सालीच निदान झाले होते, आणि १९६० मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी तो विषय काढताच त्यांच्या बाजूने तो नाकारला गेला. नीटनेटके दिसणे वेगळे आणि नसलेले आरोग्य दाखविणे वेगळे. अखेरीस सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत त्यांचे मताधिक्य सव्वा लाखाहूनही कमी होते. अमेरिकेतील आयरिश घरांत पोपमहोदयांच्या चित्राशेजारी त्यांचे छायाचित्र लागले. ते उतरवा, असे मी म्हणणार नाही.

केनेडींमागे पैसा कोणाचा, हे निदान जगाला ठाऊक होते. आपल्याकडे २०१८ साली आलेल्या निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचे नावच मतदारापासून झाकलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते घटनाबाह्य ठरविले. त्याच न्यायालयाने १९७४ साली पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा, असा निवाडा दिला होता. पाठोपाठ त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निष्प्रभ करण्यात आला. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ साली ४० लाख रुपयांची मर्यादा ठरली. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. आणि आपल्या धर्मग्रामातला कोणी उभा राहिला, की सणाच्या मंडपाचे आणि बँडचे पैसे त्याने दिल्याचे आपण कौतुकाने सांगतो. ते पैसे हिशेबाच्या कोणत्या रकान्यात लिहिले, असे त्याला विचारणारा मला अद्याप भेटलेला नाही.