पदक एकच असतं

१९६६ साली प्रागच्या विमानतळावर एका धावपटूने दुसऱ्याच्या हातात एक छोटं पुडकं ठेवलं. देणारा होता चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक, घेणारा ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क. क्लार्कला आधी वाटलं, हा आपल्याला काहीतरी चोरून देशाबाहेर न्यायला सांगतोय की काय! कम्युनिस्ट राजवटीच्या त्या काळात अशी शंका येणं साहजिकच होतं. नंतर त्याने पुडकं उघडलं. आत झाटोपेकचं १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधलं सुवर्णपदक होतं, १० हजार मीटरचं.

झाटोपेकने त्या एकाच ऑलिम्पिकमध्ये ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. क्लार्ककडे मात्र एकही ऑलिम्पिक सुवर्ण नव्हतं. पुढेही मिळालं नाही.

आणि तरी क्लार्कच्या नावावर १७ विश्वविक्रम आहेत. १० हजार मीटर २८ मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला माणूस. १९६५मध्ये ऑस्लोत त्याची वेळ होती २७ मिनिटं ३९.४ सेकंद. पण १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या फेरीत अमेरिकेचा बिली मिल्स आणि ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी त्याच्या पुढे निघून गेले. क्लार्क तिसरा. १९६८चं ऑलिम्पिक झालं मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर. तिथल्या विरळ हवेत तो सहावा आला आणि अंतिम रेषेपलीकडे बेशुद्ध पडला.

मग क्लार्क यशस्वी की अपयशी?

घड्याळ विचारतं, किती वेगाने धावलास? शर्यत विचारते, आज पहिला कोण आला? दोन्ही प्रश्न खरे, दोन्ही उत्तरंही खरी. गडबड आपण करतो. शर्यतीचं उत्तर उचलून तिसऱ्याच प्रश्नाला चिकटवतो: या माणसाची किंमत काय?

यावर कुणी म्हणेल, पदक दिल्याने काय झालं? टोकियोचा निकाल थोडाच बदलला? बरोबर आहे. पदक देता येतं, जिंकणं देता येत नाही. आणि ते बदलूही नये. मिल्सला त्या शर्यतीआधी फारसं कुणी ओळखत नव्हतं. तो शेवटच्या शंभर मीटरमध्ये जीव तोडून पळाला आणि जिंकला. क्लार्कवर अन्याय झाला म्हणायचं तर मिल्सने काही चोरलं असं म्हणावं लागेल, आणि ते साफ खोटं आहे.

पण आपण एक गोष्ट न तपासता धरून चालतो: मिल्स पात्र होता, म्हणजे क्लार्क नव्हता. का? पदक एकच असतं, म्हणून पात्रताही एकाचीच असते का? पहिला नंबर मोजून ठेवलेला असतो. कष्ट, वेग, जिद्द यांचा असा कोटा नसतो. झाटोपेकने क्लार्कला सांगितलं होतं की हे मैत्रीपोटी नाही, तू पात्र आहेस म्हणून देतोय. म्हणजे ती दया नव्हती, साक्ष होती.

आणि ही साक्ष जिंकलेल्यानेच द्यावी लागते. हरलेला म्हणाला, ‘पदकात काय आहे?’ तर लोक कोल्ह्याची आंबट द्राक्षं आठवतात. झाटोपेककडे तर द्राक्षांचा घडच्या घड होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं.

आपल्यापैकी बहुतेकांकडे द्यायला सुवर्णपदक नसतं. पण कधीतरी यादीत आपलं नाव लागतं आणि सोबत अभ्यास केलेल्या मित्राचं एका मार्काने राहतं. तेव्हा आपण बहुधा गप्प बसतो, त्याला वाईट वाटू नये म्हणून. खरं तर त्या दिवशी पहिला फोन आपणच करायचा असतो. सांत्वनासाठी नाही. तू किती अभ्यास केलास ते मी पाहिलंय, एवढं सांगायला.